हैदराबादचा फुटबॉल आणि परभणीची आठवण

इतिहास लिहिणाऱ्यांना ताम्रपट आवडतात, सनदा आवडतात, दप्तरखान्यातले धुळीने माखलेले रुमाल तर फारच आवडतात. पण स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात चहाच्या दोन कपांमध्ये रंगणाऱ्या गप्पांकडे ते सहसा वळत नाहीत. गप्पांना तारीख नसते, शिक्का नसतो, आणि सांगणारा प्रत्येक वेळी थोडे अधिक सांगतो, हा त्यांचा आक्षेप. तो खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु काही गोष्टी अशा असतात की त्यांचे दप्तर कोणी ठेवलेलेच नसते. त्या गोष्टी माणसांच्या बोलण्यातच जगतात आणि बोलणारी माणसे पांगली की नाहीशा होतात. अशाच एका गोष्टीविषयी आज आम्हाला बोलावयाचे आहे.

विषय आहे फुटबॉलचा. परभणीच्या व्याख्यानमालेत फुटबॉल कशाला, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. आपला जिल्हा ज्वारीचा, कापसाचा, गोदावरी-पूर्णेच्या काठचा, संत जनाबाईंच्या गंगाखेडचा. फुटबॉल म्हणजे कलकत्ता, गोवा, फार तर कोल्हापूर. हे सर्व मान्य आहे. तरीही एक काळ असा होता की हिंदुस्थानातील सर्वांत बलाढ्य फुटबॉल संघांपैकी एक संघ आपल्या राजधानीचा होता. ही राजधानी म्हणजे मुंबई नव्हे. तेव्हा आपली राजधानी हैदराबाद होती आणि त्या संघाचे नाव होते हैदराबाद सिटी पोलीस.

परभणी आणि हैदराबाद यांचा संबंध आज नव्या पिढीला समजावून सांगावा लागतो. मनमाडपासून निघून औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड अशी गावे ओवीत जाणारी लहान रुळांची गाडी अखेर हैदराबादेत काचीगुड्याला पोचत असे. वरच्या कोर्टाचा दावा असो, कॉलेजचे शिक्षण असो की सरकारी नोकरीचा अर्ज असो, माणूस त्याच गाडीत बसे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले आणि तेथे शिक्षणाचे माध्यम उर्दू ठेवले गेले. मराठवाड्यातील शिकू पाहणाऱ्या कित्येक मुलांना त्यामुळे आपली मायबोली घरी ठेवून परक्या लिपीत पदवी घ्यावी लागली. या गोष्टीचा सल आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात अखेरपर्यंत होता. पण हीच मुले सायंकाळी शहरात फिरत, मैदानावर जाऊन उभी राहत आणि सुटीत गावी परत येताना राजधानीच्या चार खबरी घेऊन येत. त्या खबरींत फुटबॉलही असे.

काचीगुड्याचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. त्याच भागातील एका शाळेत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक मास्तर शिकवीत असत. १७ ऑगस्ट १९०९ चा त्यांचा जन्म. उस्मानियात शिकलेले, स्वतः चांगले खेळणारे, पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतलेले. पेशा शिक्षकाचा आणि वृत्तीही शिक्षकाची. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले आणि १९५० मध्ये सिटी पोलीस संघाची शिकवणी त्यांनी हाती घेतली. हैदराबादेत त्यांना सारे ‘रहीमसाब’ म्हणत, आणि आपल्याकडे ते रहीमसाहेब झाले.

त्यांची शिकवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. त्या काळी आपल्याकडचा खेळाडू चेंडू मिळाला की तो पायाशी धरून ठेवी. दोघांना चकवी, तिघांना चकवी, प्रेक्षक वाहवा करीत, आणि चौथ्यापाशी चेंडू जाई. रहीमसाहेबांनी यावर साधा उपाय काढला. चकवाचकवीला मनाई असलेल्या स्पर्धाच त्यांनी भरविल्या. चेंडू आला की तो दुसऱ्याकडे दिलाच पाहिजे. त्यामुळे चेंडू नसलेल्या खेळाडूला मोकळी जागा शोधीत पळावे लागे आणि चेंडू असलेल्याला आधीच मान वर करून पाहावे लागे. दुसऱ्या प्रकारच्या स्पर्धेत खेळाडूने आपल्या कच्च्या पायानेच खेळावयाचे. उजव्या पायाचा खेळाडू डाव्याने चेंडू मारू लागला की सुरुवातीला हसू होई, पण वर्षभरात त्याला दोन पाय फुटत! वर्गातल्या मागच्या बाकावरील मुलाला पुढे आणण्याची जी हातोटी चांगल्या मास्तराकडे असते, तीच ही.

या शिकवणीचे फळ मुंबईने पाहिले. मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा १८९१ पासूनची. तिच्यावर प्रथम गोऱ्या पलटणींचा ताबा होता आणि १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो मोडून काढला. त्याच स्पर्धेत हैदराबाद सिटी पोलीस संघ १९५० मध्ये विजयी झाला. १९५१ मध्ये पुन्हा झाला. १९५२, १९५३ आणि १९५४ मध्येही तोच. लागोपाठ पाच वर्षे रोव्हर्स कप हैदराबादच्या गाडीत बसून गेला. दिल्लीची ड्युरँड स्पर्धा त्याहून जुनी, १८८८ ची. तीही या संघाने १९५० मध्ये जिंकली. अंतिम सामन्यात समोर कलकत्त्याचा मोहन बागान होता, पहिला सामना बरोबरीत सुटला आणि फेरसामन्यात पोलिसांनी बाजी मारली. १९५४ आणि १९५७ मध्ये ड्युरँड पुन्हा त्यांच्याकडे आली. ज्या संघात बहुतेक खेळाडू पोलीस खात्यातील साधे नोकर होते, पगार बेताचा होता आणि मैदानावर येण्यासाठी अनेकांना सायकलही भाड्याने घ्यावी लागे, त्या संघाची ही कमाई होती.

आता गप्पांकडे वळू. आम्ही या गप्पा ऐकल्या त्यालाही आता बरीच वर्षे झाली. परभणीत दोन वृद्ध स्नेही रोज सायंकाळी एका ठराविक बाकावर बसत. एक निवृत्त मास्तर, उस्मानियात शिकलेले. दुसरे रेल्वेत नोकरी केलेले, पूर्णेकडचे, त्यांना सगळे चाचा म्हणत. दोघांनीही तरुणपणी सिटी पोलीसचा खेळ पाहिला होता, आणि दोघांचे एकमत कधी होत नसे. मास्तरांचा जीव नूर मोहम्मदवर. चाचांचा अझीझवर.

‘‘नूर होता म्हणून तुमचा अझीझ दिसायचा,’’ मास्तर म्हणत.

‘‘काय सांगायलाव मास्तर! मागं अझीझ उभा होता म्हणून तुमचा नूर पुढं बागडत होता. घर बंद असलं तरच माणूस बाजारात निवांत फिरतो.’’

‘‘मग हेलसिंकीला घराचं दार कोणी उघडं टाकलं होतं चाचा? दहा गोल!’’

हा मास्तरांचा हुकमी एक्का. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने हिंदुस्थानला १० विरुद्ध १ असे हरविले होते आणि त्या संघात नूर, अझीझ, लतीफ, मोईन असे हैदराबादचे खेळाडू होते. चाचा क्षणभर गप्प बसत आणि मग म्हणत, ‘‘तिथं नूर पण होता की मास्तर. अन् अनवाणी खेळल्यावर त्या थंडीत काय होणार? मी तर जानेवारीत पूर्णेच्या फलाटावर बूट घालून सुद्धा पळू शकलो नसतो.’’ मग दोघेही हसत आणि दुसरा चहा येई.

वरवर पाहता हा नुसता विनोद आहे. परंतु नीट ऐकले तर त्यात इतिहास आहे. आपले बरेचसे खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत आणि हेलसिंकीच्या पराभवानंतर बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. चाचांच्या थट्टेत हिंदुस्थानी फुटबॉलमधील एका मोठ्या पालटाची खूण सापडते. नूर आणि अझीझ यांच्या वादात तर त्याहून खोल गोष्ट दडलेली आहे. मधल्या फळीतला हाफबॅक आणि मागचा बॅक यांत संघाचा आधार कोणता, हा प्रश्न ते दोघे आपापल्या परीने सोडवीत होते. रहीमसाहेब आपल्या शिष्यांना हेच शिकवीत की एकट्याने कोणी मोठा नसतो, एकाची जागा दुसऱ्यामुळे मोकळी होते. म्हणजे मास्तर आणि चाचा यांचे भांडण मिटले नाही यातच रहीमसाहेबांचे यश होते असे म्हणावयास हरकत नाही.

गप्पांतली प्रत्येक गोष्ट मात्र जशीच्या तशी घेता येत नाही. त्या दोघांच्या बोलण्यात एक गोल होता. आम्ही प्रथम ऐकला तेव्हा तो वीस यार्डांवरून मारलेला होता, दुसऱ्या वर्षी तीस झाले आणि आमची बदली होईपर्यंत चेंडू जवळजवळ अर्ध्या मैदानावरून निघू लागला होता. यात खोटेपणा नसतो. प्रेमाने सांगितलेली गोष्ट आपोआप वाढते, जशी आजीच्या कहाणीतली राजकन्या दर खेपेस अधिक सुंदर होते.

हैदराबादकडे आणखी एक गोष्ट फार सांगितली जाते. महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, बंगलोरच्या ॲश गोल्ड कप स्पर्धेत हैदराबादच्या पोलिसांनी इंग्रज विमानदलाच्या संघाला हरविले आणि त्या संघात डेनिस कॉम्प्टन होता, अशी ती गोष्ट. कॉम्प्टन म्हणजे क्रिकेट आणि फुटबॉल दोन्ही उत्तम खेळणारा प्रख्यात इंग्रज खेळाडू. तो आर्सेनलकडून फुटबॉल खेळे. युद्धकाळात तो हिंदुस्थानात होता हे खरे. १९४४-४५ च्या हंगामात होळकर संघातर्फे रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्याने नाबाद २४९ धावा काढल्या, हे क्रिकेटच्या नोंदींत आहे. पण तो होता भूसेनेत, विमानदलात नव्हे. म्हणजे गोष्टीचा एक टाका येथे ढिला आहे. इतिहासकाराने येथे काय करावे? गोष्ट फेकून द्यावी काय? आम्हाला तसे वाटत नाही. साहेबाच्या पलटणीला आपल्या पोरांनी त्याच्याच खेळात हरविले, हा आनंद सांगणाऱ्याला पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाचा होता. त्या आनंदाला साजेसे मोठे नाव त्याने जोडले असले तर नाव तपासून घ्यावे. आनंदाला मात्र दाखल्याची गरज नाही.

इतके सांगितल्यावर आम्हाला एका अवघड प्रश्नाला सामोरे जावे लागते, आणि परभणीत उभे राहून तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. संघाचे नाव काय? हैदराबाद सिटी पोलीस. आणि हैदराबादचे पोलीस या शब्दांनी आपल्या जिल्ह्यातील जुन्या माणसांच्या मनात काय जागे होत असे? स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील मुक्तिसंग्रामात आपली माणसे तुरुंगात गेली, सरहद्दीवरच्या छावण्यांत राहिली, रझाकारांच्या भीतीने गावे ओस पडली. १३ सप्टेंबर १९४८ ला हिंदी फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामी राजवट शरण आली. त्यानंतरच्या दिवसांत सूडाच्या लाटेत अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांचीही ससेहोलपट झाली, हेही विसरून चालणार नाही. असे दुहेरी दुःख भोगलेल्या प्रदेशात हैदराबादच्या पोलीस संघाची आठवण प्रेमाने कशी काढावी?

याचे उत्तर आम्हाला सनावळीतच मिळाले. या संघाची पाच रोव्हर्स विजेतेपदे १९५० ते १९५४ या काळातली आहेत. तेव्हा निजामाचे राज्य संपले होते. निजाम होता, पण तो स्वतंत्र भारतातील एका राज्याचा राजप्रमुख म्हणून. १९५२ मध्ये लोकांनी मत देऊन सरकार निवडले होते. म्हणजे ज्या हैदराबादचा संघ मुंबईत आणि दिल्लीत जिंकत होता, ते हैदराबाद मुक्त झालेले हैदराबाद होते. तेलंगणा, मराठवाडा आणि कन्नड मुलूख ज्यात एकत्र नांदत होते असे ते राज्य होते. संघाची नावेच वाचा. नूर मोहम्मद, अझीझ, मोईन, लाइक, जमाल यांच्या जोडीला पॅट्रिक आणि सुसे. पुढे सिकंदराबादजवळच्या गरीब तेलुगू-तमिळ वस्तीतला तुळसीदास बलराम. सैनिकी कारवाईला दोन वर्षे होतात न होतात तोच ही मुले एका जर्सीत एकत्र धावत होती. शहाण्या राजकारण्यांनाही जे जमत नव्हते ते एका शाळामास्तराने मैदानावर करून दाखविले.

मराठवाड्याचा इतिहास सांगताना आपण १९४८ वरून एकदम १९५६ वर उडी मारतो. मुक्ती मिळाली, नंतर विशाल मुंबई राज्यात आलो, मग १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. मधली आठ वर्षे जणू प्रतीक्षालयात काढली! पण त्या आठ वर्षांतही माणसे जगत होती, शिकत होती, हसत होती आणि कोणाचा तरी खेळ पाहून टाळ्या वाजवीत होती. सिटी पोलीसचा संघ या आठ वर्षांचा आहे. त्याची आठवण काढणे म्हणजे निजामाची आठवण काढणे नव्हे. आपल्याच चरित्रातले एक हरवलेले पान शोधणे आहे.

ते पान हरवले कसे, तेही पाहिले पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना अमलात आली. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगणा आंध्र प्रदेशात गेला, गुलबर्गा-रायचूरकडचा भाग म्हैसुरात आणि परभणीसह मराठवाडा मुंबई राज्यात. आपल्या भाषेच्या माणसांत आपण आलो, ही आनंदाची गोष्ट होती आणि त्यासाठी पूर्वसूरींनी झीज सोसली होती. परंतु राज्याबरोबर प्रेक्षकांचेही तीन तुकडे झाले, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही. संघ तिकडे राहिला आणि त्याचे चाहते इकडे आले.

या फाळणीची गंमत लवकरच दिसून आली. १९५६-५७ च्या संतोष करंडक स्पर्धेत अंतिम सामना झाला तो हैदराबाद आणि मुंबई यांच्यात, आणि हैदराबाद जिंकले. १९५७-५८ मध्ये पुन्हा तेच दोन संघ अंतिम फेरीत आले आणि पुन्हा हैदराबादच जिंकले. आता आपल्या परभणीच्या चाहत्याने करावे काय? कालपर्यंत तो हैदराबादचा, आज कायद्याने मुंबईचा. मास्तर सांगत की त्या दिवशी आपण मुंबईच्या बाजूने होतो, कारण मराठी माणसाने दुसरे काय करावे? चाचा लगेच म्हणत, ‘‘मग हैदराबाद जिंकल्यावर पेढे कोणी वाटले होते?’’ मास्तर चष्मा पुसू लागत. आम्हाला वाटते, राज्यपुनर्रचनेच्या अहवालात न सापडणारी गोष्ट त्या चष्मा पुसण्यात होती. माणसाचा पत्ता एका दिवसात बदलतो, पण त्याची ओढ बदलावयास वेळ लागतो.

आणि तरी या पेचाची सोडवणूकही त्याच सुमारास होऊन गेली होती. हैदराबाद राज्य १ नोव्हेंबर १९५६ ला संपले. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हिंदुस्थानचा संघ यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध उतरला. शिक्षक रहीमसाहेब. त्यांनी नेलेल्या चमूत नूर, अझीझ, लतीफ, झुल्फिकार, अहमद हुसेन, बलराम असे हैदराबादी. आणि त्यांच्या जोडीला मुंबईचा गोलरक्षक नारायण व मुंबईचाच नेव्हिल डिसोझा हा गोमंतकीय घराण्यातला खेळाडू. त्या दिवशी हिंदुस्थान ४ विरुद्ध २ असा जिंकला आणि त्यांपैकी तीन गोल नेव्हिल डिसोझाचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. पुढे उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाकडून आणि तिसऱ्या जागेसाठी बल्गेरियाकडून हार पत्करावी लागली, तरी हिंदुस्थान जगात चौथा आला. त्यानंतर आपल्या फुटबॉलला ऑलिंपिकमध्ये तेवढी मजल कधीच मारता आली नाही. नकाशावरून पुसले गेलेले राज्य मैदानावर मात्र अजून खेळत होते, आणि त्याचे खेळाडू व आपल्या नव्या राजधानीचे खेळाडू एकाच बाजूने खेळत होते.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. सिटी पोलीस संघ आंध्र पोलीस या नावाने खेळू लागला. रोव्हर्स कप त्याने १९६० मध्ये आणि १९६३ मध्ये जिंकला, १९६२ मध्ये ईस्ट बंगालबरोबर वाटून घेतला. १९६१ ची ड्युरँडही त्याचीच. ४ सप्टेंबर १९६२ रोजी जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धेच्या अंतिम सामन्यात हिंदुस्थानने दक्षिण कोरियाला २ विरुद्ध १ असे हरवून सुवर्णपदक मिळविले. १९५१ मध्ये दिल्लीला मिळविले होते तेही रहीमसाहेबांच्याच मार्गदर्शनाखाली. जाकार्ताचे प्रेक्षक आपल्या विरुद्ध होते, आणि रहीमसाहेबांना कर्करोगाने घेरले होते. ११ जून १९६३ रोजी ते वारले. त्यानंतर आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला पुन्हा मिळालेले नाही.

गुरू गेला आणि शिष्य पांगले. कलकत्त्याचे मोठे क्लब अधिक पैसा आणि अधिक नाव देऊ शकत होते, म्हणून बलराम तर आधीच, १९५७ मध्ये, ईस्ट बंगालकडे गेला होता. पुढच्या पिढीतला मोहम्मद हबीबही तिकडेच मोठा झाला. २४ सप्टेंबर १९७७ रोजी ईडन गार्डन्सवर पेले ज्या कॉसमॉस संघातून खेळला, त्याच्याविरुद्ध मोहन बागानने २-२ अशी बरोबरी साधली, आणि त्यांतला एक गोल या हैदराबादी हबीबचा होता. कलकत्त्यात त्याला ‘बडे मियाँ’ म्हणत. तो १५ ऑगस्ट २०२३ रोजी गेला. त्याच्या आधी, २२ ऑगस्ट २०२१ रोजी, रहीमसाहेबांचे चिरंजीव आणि १९६० च्या रोम ऑलिंपिक चमूतील खेळाडू सय्यद शाहिद हकीम गेले, ते गुलबर्ग्याला. बलराम १६ फेब्रुवारी २०२३ रोजी गेला. जुन्या राज्याच्या ज्या तीन तुकड्यांत प्रेक्षक विखुरले, त्यांत खेळाडूंच्या अखेरच्या वाटाही विखुरल्या.

येथे आपल्याच राज्यातील कोल्हापूरची तुलना केल्यावाचून राहवत नाही. कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा आहे, पेठांचा आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावे घराघरांत आहेत. १९४० साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या छत्राखाली हे संघ शाहू स्टेडियमवर एकमेकांना भिडतात. तेथला आजोबा नातवाला आपल्या तालमीच्या जुन्या खेळाडूची गोष्ट सांगतो तेव्हा तो खेळाडू ज्या गल्लीत राहत होता ती गल्ली समोरच असते. समोरच्या पेठेचा माणूस ती गोष्ट खोडून काढावयास टपलेलाच असतो. म्हणून तेथे आठवण मरत नाही. आठवणीला जागा लागते, आणि जागेइतकाच विरोधक लागतो. वाद घालणारा कोणी नसेल तर फुशारकीलाही चव येत नाही. परभणीच्या बाकावर मास्तर आणि चाचा होते तोवर नूर आणि अझीझ खेळत होते. प्रथम चाचा गेले. त्यानंतर मास्तर त्या बाकावर येत असत, पण नूरविषयी बोलत नसत. आम्ही एकदा मुद्दाम विचारले तेव्हा म्हणाले, ‘‘नूर मोठा होता हे कोणाला सांगू? नाही म्हणणारा गेला.’’

हे वाक्य आमच्या मनातून अद्याप गेलेले नाही. आमच्या सांगण्याचे सारही तेच आहे. संघाचा इतिहास केवळ खेळाडू घडवीत नाहीत. तो घडतो खेळाडू आणि त्यांच्याविषयी भांडणारे यांच्यामधील नात्यातून. खेळाडूंची नावे करंडकांच्या यादीत राहतात. भांडणाऱ्यांची कोठेच राहत नाहीत, आणि तेच जर गेले तर उरलेली यादी तारखांच्या जंत्रीसारखी कोरडी होते. रोव्हर्स कप स्पर्धासुद्धा २०००-०१ नंतर बंद पडली. पाच वेळा लागोपाठ जिंकलेल्या त्या चषकासाठी आज कोणी खेळतही नाही.

मग आपण काय करावे? स्मारक उभारावे, समिती नेमावी असे आम्ही सुचविणार नाही. समित्यांचे पुढे काय होते हे आपण जाणता. आमची विनंती लहान आहे. आपल्या घरात, गल्लीत, परभणीत, पूर्णेत, सेलूत, मानवतात, हिंगोलीकडच्या सोयऱ्यांत ऐंशी-नव्वदी गाठलेले कोणी असेल तर त्यांच्याजवळ बसावे. त्यांना राजकारणाचे विचारू नये, कारण त्याची उत्तरे सर्वांची पाठ असतात. हैदराबादेत सायंकाळी काय पाहिले, ते विचारावे. जे सांगतील ते तारखेसह लिहून ठेवावे, आणि नंतर ती तारीख पडताळून पाहावी. गोल अर्ध्या मैदानावरून मारलेला असेल तर तोही लिहावा, पण समासात एक लहानशी खूण करावी. आणि जमल्यास त्यांच्या म्हणण्याला थोडा विरोध करावा. ‘‘नूरपेक्षा अझीझ मोठा होता म्हणे’’ एवढे म्हटले तरी पुरे. मग पाहा, त्या खोल गेलेल्या डोळ्यांत काय चमकते ते.

त्या चमकेत कदाचित एक मैदान दिसेल, मागे काचीगुड्याहून सुटणाऱ्या रात्रीच्या गाडीची शिटी ऐकू येईल, आणि धोतरातला, पायजम्यातला, शेरवानीतला प्रेक्षक एकाच वेळी उभा राहून ओरडताना दिसेल. ते राज्य आता नाही, आणि ते परत यावे असे आपल्यापैकी कोणालाही वाटत नाही. पण ते ओरडणे आपलेही होते, एवढे आपल्या मुलांना ठाऊक असावे.